संशोधनाचा पैसा कुणाला द्यायचा, हे कुणाला विचारायचं? व्हॅनिव्हर बुश यांची गोष्ट

गुगल सर्चची सुरुवात सरकारी पैशावर झाली, हे ऐकलं की बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. १९९४ साली अमेरिकेत डिजिटल लायब्ररी या विषयावर संशोधन करण्यासाठी सहा विद्यापीठांना सरकारी अनुदान मिळालं. त्यातलं एक होतं स्टॅनफर्ड. तिथे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी वेबपेजेस एकमेकांना कशी लिंक करतात याचा अभ्यास करत होते. त्यातूनच पेजरँक ही पद्धत निघाली. अनुदान देणाऱ्या संस्थांपैकी एक होती नॅशनल सायन्स फाउंडेशन, म्हणजे एनएसएफ. १९९३ चा मोझॅक ब्राउझरसुद्धा एनएसएफच्या पैशावर उभ्या राहिलेल्या केंद्रात तयार झाला होता. आज तुम्ही फोनवर जो ब्राउझर वापरता, तो त्याचाच वारसदार.

आता प्रश्न असा, की सरकारकडे संशोधनासाठी पैसा आहे, पण तो कुणाला द्यायचा हे ठरवतं कोण? मंत्री, प्राध्यापक, कंपन्या की सामान्य माणूस? आणि असा पैसा वाटणारी संस्था उभी करायची असेल, तर तिचा आराखडा बनवताना कुणाकुणाला विचारायचं?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा रोजचाच प्रश्न. कुठलंही ॲप बनवायच्या आधी विचारलं जातं, की याचे स्टेकहोल्डर कोण? म्हणजे या कामाचा ज्यांच्यावर बरावाईट परिणाम होणार आहे अशी सगळी माणसं. पैसे देणारा क्लायंट, ॲप वापरणारा ग्राहक, तक्रारींचे फोन उचलणारी सपोर्टची मुलगी, सगळे त्यात आले. (शेअर घेतलेला भागधारक वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नका.) यातलं कुणी विचारायचं राहून गेलं, तर तो माणूस रिलीज झाल्यावर दारात येऊन उभा राहतोच. आणि तेव्हा बदल करणं फार महाग पडतं.

एनएसएफच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ती गोष्ट सांगायची तर व्हॅनिव्हर बुश या माणसाचं आयुष्य सांगावं लागतं. राष्ट्राध्यक्ष झालेल्या दोन्ही बुशांशी त्यांचं काही नातं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कुणीच विकत न घेतलेलं यंत्र

व्हॅनिव्हर बुश यांचा जन्म ११ मार्च १८९० चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. मुलगा गणितात हुशार आणि हाताने काहीतरी बनवत राहणारा. टफ्ट्स कॉलेजात शिकत असतानाच त्याने जमीन मोजणीचं एक यंत्र बनवलं. दिसायला ते गवत कापायच्या ढकलगाडीसारखं होतं. ते ढकलत चालत गेलं की जमिनीचे चढउतार आपोआप कागदावर उमटायचे. १९१२ मध्ये त्याचं पेटंटही मिळालं. मग बुश यांनी कंपन्यांना पत्रं लिहिली, पण एकाही कंपनीने ते घेतलं नाही.

यंत्र चालत होतं, पण ते कुणाला हवंय, कोण बनवणार, कोण विकणार, हे कुणाशी बोलून ठरवलेलंच नव्हतं. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ज्यांनी केलेत त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. डेमोला टाळ्या मिळतात आणि मग मॉडेल कपाटात जातं.

१९१६ मध्ये बुश यांना एमआयटी आणि हार्वर्ड यांची मिळून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगमधली डॉक्टरेट मिळाली. तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं. बुश यांनी चुंबकीय क्षेत्रातला फरक ओळखून पाणबुडी शोधणारं उपकरण तयार केलं. लाकडी जहाजावरून ते नीट काम करायचं, पण पोलादी जहाजावर बसवलं की चालायचं नाही. आणि नौदलाच्या लढाऊ नौका तर पोलादी. युद्धात त्या उपकरणाचा फारसा उपयोग झाला नाही. बनवणारे आणि वापरणारे वेळेवर एकत्र बसले नाहीत, तर चांगली कल्पनाही वाया जाते, हा धडा बुश यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला.

चार्जर, कॉम्प्युटर आणि शॅनन

युद्धानंतर १९१९ मध्ये ते एमआयटीत शिकवायला लागले. १९२२ मध्ये त्यांनी दोघांबरोबर एक कंपनी काढली, तीच पुढे रेथिऑन म्हणून प्रसिद्ध झाली. त्या काळी घरातला रेडिओ महागड्या बॅटऱ्यांवर चालायचा. या कंपनीच्या रेक्टिफायर ट्यूबमुळे रेडिओ भिंतीतल्या विजेवर चालवणं शक्य झालं. भिंतीतली एसी वीज डीसी करायची, हे काम आज तुमचा मोबाइल चार्जरही करतो.

एमआयटीत बुश आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९२८ ते १९३१ या काळात डिफरेन्शियल ॲनलायझर नावाचं यंत्र उभं केलं. दांडे, चाकं, तबकड्या यांनी भरलेली एक खोलीच म्हणा ना. इंजिनीअरिंगला आपल्याला छळणारी डिफरेन्शियल समीकरणं ते चाकं फिरवून सोडवायचं. १९३६ मध्ये हे यंत्र सांभाळायला क्लॉड शॅनन नावाचा एक तरुण आला. यंत्राच्या नियंत्रणासाठी असलेल्या रिले सर्किटचं कोडं सोडवता सोडवता, चालू आणि बंद अशा स्विचने तर्कशास्त्राची गणितं करता येतात, हे त्याने आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवून दिलं. सगळे डिजिटल कॉम्प्युटर त्याच पायावर उभे आहेत.

म्हणजे बुश हे नुसते फायली फिरवणारे अधिकारी नव्हते. प्रयोगशाळा कशी चालते, कंपनी कशी चालते आणि हुशार पोरांना मोकळं सोडलं की काय होतं, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं होतं.

पंधरा मिनिटांची भेट

१९३९ च्या सुरुवातीला बुश वॉशिंग्टनमध्ये कार्नेगी इन्स्टिट्यूशन या मोठ्या संशोधन संस्थेचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती, पण सैन्य आणि शास्त्रज्ञ यांची गाठ घालून द्यायलाच हवी, असं बुश यांना वाटत होतं. पाणबुडीच्या यंत्राचं काय झालं, ते विसरले नव्हते.

१२ जून १९४० रोजी ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना भेटले. हातात एक पानाचा प्रस्ताव. पंधरा मिनिटांच्या आत मंजुरी मिळाली. त्यातून एक समिती झाली आणि वर्षभरात तिचं रूपांतर ओएसआरडी या कार्यालयात झालं. बुश त्याचे प्रमुख.

ओएसआरडीचं वेगळेपण तिच्या कामाच्या पद्धतीत होतं. सरकारने स्वतःच्या मोठमोठ्या प्रयोगशाळा बांधण्याऐवजी विद्यापीठं आणि कंपन्या यांच्याशी करार केले. काम तुमच्या जागेत, तुमच्या माणसांकडून, पैसा सरकारचा. या पद्धतीने रडार सुधारलं, विमानाजवळ पोहोचताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्याचा फ्यूज तयार झाला, पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनवायला मदत झाली. अणुबॉम्बचं कामही सुरुवातीला बुश यांच्याच देखरेखीखाली होतं, नंतर ते लष्कराकडे गेलं. युद्ध संपेपर्यंत ओएसआरडीने सुमारे ४५ कोटी डॉलर खर्च केले.

मात्र या पैशाची वाटणी पाहिली तर एक गोष्ट खटकते. विद्यापीठांमध्ये सर्वांत मोठा वाटा, १० कोटी डॉलरहून जास्त, एकट्या एमआयटीला मिळाला. कॅलटेक आणि हार्वर्डही वरच्या रांगेत. आणि निर्णय घेणाऱ्यांमध्ये कोण? बुश स्वतः एमआयटीचे जुने उपाध्यक्ष, कार्ल कॉम्प्टन एमआयटीचे अध्यक्ष, जेम्स कोनंट हार्वर्डचे अध्यक्ष. आपल्याकडे म्हणतात ना, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसा. यात कुणी खिशात पैसे घातले असा अर्थ नाही. युद्ध चालू होतं, वेळ नव्हता, आणि जिथे माणसं आणि प्रयोगशाळा तयार होत्या तिथे काम दिलं गेलं. पण युद्ध संपल्यावरही हीच पद्धत चालू ठेवायची का, हा प्रश्न उभा राहणारच होता.

दुसऱ्या बाजूचा माणूस

तो प्रश्न विचारणारा माणूस होता हार्ली किलगोर. वेस्ट व्हर्जिनिया या कोळसा खाणींच्या राज्यातून निवडून आलेला सिनेटर. पेशाने वकील, विज्ञानाचं शिक्षण नाही. पण १९४२ पासून तो सिनेटमध्ये सुनावण्या घेत होता. छोट्या कारखानदारांना युद्धाची कामं मिळत नव्हती. कृत्रिम रबराचं तंत्रज्ञान अमेरिकी आणि जर्मन कंपन्यांमधल्या पेटंटच्या करारात कसं अडकलं होतं, तेही याच काळात चव्हाट्यावर आलं.

किलगोरचं म्हणणं सोपं होतं. पैसा जनतेचा असेल तर त्यातून निघणाऱ्या पेटंटवर हक्क जनतेचा हवा. पैशाचा काही भाग सगळ्या राज्यांमध्ये वाटला जावा, नाहीतर दोनचार श्रीमंत विद्यापीठंच अजून श्रीमंत होतील. समाजशास्त्र, अर्थशास्त्र हे विषयही त्यात असावेत. संस्थेचा प्रमुख राष्ट्राध्यक्षांनी नेमावा, म्हणजे काही चुकलं तर जाब विचारता येईल. आणि सल्ला देणाऱ्यांमध्ये शास्त्रज्ञांबरोबर कामगार, शेतकरी, ग्राहक आणि छोटे उद्योजक यांचीही माणसं असावीत.

बुश यांना हे पटत नव्हतं, आणि त्यांची भीतीही खोटी नव्हती. मूलभूत संशोधनाचं फळ कधी मिळेल सांगता येत नाही. प्रत्येक राज्याला, प्रत्येक गटाला आपला वाटा हवा असेल, तर उत्तम काम करणाऱ्याला कमी मिळेल आणि राजकारण्यांना आज दिसणारी कामंच पुढे सरकतील. शॅननसारख्या पोराच्या स्विचच्या गणितातून काय निघणार, हे १९३७ मध्ये कोणत्या मतदाराला किंवा सिनेटरला समजलं असतं? शास्त्रज्ञांचं काम शास्त्रज्ञांनीच पारखावं, असं बुश यांचं ठाम मत होतं.

चार प्रश्न, चार समित्या

१७ नोव्हेंबर १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी बुश यांना एक पत्र पाठवलं. त्यात चार प्रश्न होते. युद्धात मिळालेलं ज्ञान लोकांसाठी खुलं कसं करायचं? रोगांविरुद्धचं संशोधन पुढे कसं न्यायचं? सरकारने सरकारी आणि खासगी संशोधनाला मदत कशी करावी? आणि तरुणांमधले हुशार संशोधक शोधून त्यांना घडवायचं कसं? गंमत म्हणजे या पत्राचा मसुदा बुश यांच्याशी बोलूनच तयार झाला होता. म्हणजे ज्याने उत्तर द्यायचं, त्याचाच हात प्रश्न लिहिण्यातही होता.

बुश यांनी प्रत्येक प्रश्नासाठी एक समिती नेमली. सगळ्या मिळून पन्नासच्या आसपास माणसं. डॉक्टर, प्राध्यापक, विद्यापीठांचे अध्यक्ष, कंपन्यांच्या संशोधन विभागांचे प्रमुख. सगळे आपापल्या क्षेत्रातले दिग्गज, आणि कामही त्यांनी मनापासून केलं. हुशार मुलांची गुणवत्ता घरच्या गरिबीमुळे वाया जाऊ नये, म्हणून गुणवत्तेवर २४,००० पदवी शिष्यवृत्त्या आणि ९०० उच्च शिक्षणाच्या फेलोशिप द्याव्यात, ही सूचना याच प्रक्रियेतून आली.

पण समित्यांची यादी पुन्हा एकदा किलगोरच्या डोळ्यांनी बघा. कामगार, शेतकरी, ग्राहक किंवा छोटे उद्योजक यांचा प्रतिनिधी म्हणून तिथे कुणालाच जागा नव्हती. सल्लामसलत झाली, मोठी झाली, वेगात झाली. पण ज्यांना पुढे अनुदान मिळणार होतं, प्रामुख्याने त्यांच्याशीच झाली.

एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट यांचं निधन झालं. जुलैमध्ये बुश यांनी अहवाल दिला तो नवे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याकडे. त्याचं नाव सायन्स, द एंडलेस फ्रंटियर. एकच नवी संस्था काढावी, तिने मूलभूत विज्ञान, वैद्यकीय संशोधन, संरक्षणाचं दीर्घकालीन संशोधन आणि शिष्यवृत्त्या हे सगळं सांभाळावं, अशी त्यात शिफारस होती. पहिल्या वर्षी ३ कोटी ३५ लाख डॉलर आणि पाचव्या वर्षी १२ कोटी २५ लाख डॉलर लागतील असा अंदाज होता. संस्थेचा प्रमुख निवडायचा तो अर्धवेळ काम करणाऱ्या सदस्यांच्या मंडळाने, राष्ट्राध्यक्षांनी नव्हे.

त्याच महिन्यात बुश यांचा एक लेख द अटलांटिक मासिकात छापून आला. त्यात मेमेक्स नावाच्या एका काल्पनिक टेबलाचं वर्णन होतं. टेबलात मायक्रोफिल्मवर तुमची सगळी पुस्तकं, पत्रं, नोंदी. आणि एका नोंदीवरून दुसरीवर जाण्यासाठी तुम्ही स्वतः बांधून ठेवलेल्या वाटा. आपण ज्याला हायपरलिंक म्हणतो, तिची ही खूप आधीची कल्पना. अमेरिकी नौदलात असलेल्या डग्लस एंगलबार्ट नावाच्या तरुणाने तो लेख फिलिपिन्समध्ये वाचला. पुढे त्यानेच माउस बनवला.

पाच वर्षांचा वाद

अहवाल जाहीर झाला आणि चार दिवसांच्या अंतराने सिनेटमध्ये दोन वेगवेगळी विधेयकं आली. एक बुश यांच्या कल्पनेवर आधारलेलं, सिनेटर मॅग्नसन यांचं. दुसरं किलगोरचं. शरद ऋतूत दोन्हींवर मिळून खुल्या सुनावण्या झाल्या. सुमारे शंभर लोकांनी साक्ष दिली. संस्था हवी, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत. ती कुणाच्या हातात असावी, यावर मात्र रण पेटलं.

१९४६ मध्ये तडजोडीचं विधेयक सिनेटमध्ये मंजूर झालं, पण दुसऱ्या सभागृहात अडकलं. १९४७ मध्ये बुश यांच्या बाजूला झुकणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि ट्रुमन यांनी ते अडवलं. त्यांचा आक्षेप असा की, अर्धवेळ सदस्य सार्वजनिक पैसा वाटणार, प्रमुखही अप्रत्यक्षपणे तेच निवडणार, ते लोकांना थेट जबाबदार नाहीत आणि ज्या संस्थांना अनुदान मिळू शकतं त्याच संस्थांमधून ते येणार. म्हणजे पुन्हा तोच वाढपी आणि तीच पंगत.

अखेर १० मे १९५० रोजी, रेल्वेच्या दौऱ्यावर असताना आयडाहो राज्यातल्या पोकॅटेलो इथे ट्रुमन यांनी एनएसएफच्या कायद्यावर सही केली. २४ सदस्यांचं मंडळ राहिलं, पण प्रमुख नेमायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे गेला. पेटंट आणि राज्यवार वाटणीच्या बाबतीत किलगोरला हवं होतं ते फारसं आलं नाही.

पाच वर्षं वाद घालण्याची किंमत मात्र दोन्ही बाजूंनी मोजली. कुणी वाट बघत थांबलं नव्हतं. युद्धकाळातले वैद्यकीय संशोधनाचे करार एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेकडे गेले. नौदलाने १९४६ मध्ये स्वतःचं संशोधन कार्यालय काढलं आणि विद्यापीठांना पैसे द्यायला सुरुवात केली. अणुऊर्जेसाठी त्याच वर्षी वेगळा आयोग झाला. बुश यांच्या एकाच छत्रीखालच्या संस्थेतले मोठे तुकडे असे एकेक करून निघून गेले. एनएसएफच्या हाती पहिल्या वर्षी पडले २ लाख २५ हजार डॉलर. कायद्यात वर्षाची कमाल मर्यादाही दीड कोटी डॉलरचीच. बुश यांनी पाचव्या वर्षासाठी मागितला होता तेवढा पैसा एनएसएफला मिळायला १९५९ उजाडलं, आणि तोही रशियाने स्पुटनिक सोडून अमेरिकेला घाम फोडल्यावर.

बुश स्वतः तोवर सरकारी कामातून जवळपास बाहेर पडले होते. ट्रुमन यांच्याशी त्यांचं कधी फारसं जुळलं नाही. १९५५ मध्ये ते कार्नेगीमधून निवृत्त झाले, मर्क या औषध कंपनीचे आणि एमआयटीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष म्हणून काही वर्षं काम केलं, आणि २८ जून १९७४ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी वारले.

ज्यांना विचारलं नाही ते परत आले

मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो यानंतरचा. किलगोर १९५६ मध्येच वारला होता. पण त्याने मांडलेले मुद्दे एकेक करून एनएसएफच्या दारात येतच राहिले.

आधी आला राज्यांचा प्रश्न. पैसा मूठभर राज्यांत जातो या तक्रारीवरून १९७९ मध्ये एनएसएफने मागे पडलेल्या राज्यांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्याने तर अशा राज्यांचा वाटा टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांपर्यंत नेण्याचं बंधन घातलं. समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांना एनएसएफमध्ये स्वतंत्र विभाग मिळाला तो १९९१ मध्ये. १९९७ पासून प्रत्येक प्रस्ताव तपासताना त्याच्या शास्त्रीय दर्जाबरोबर समाजाला त्याचा काय उपयोग, हाही निकष अधिकृतपणे लावला जाऊ लागला. १९४५ मध्ये टेबलावर मांडलेल्या गोष्टी पन्नास वर्षांनी नियमावलीत आल्या.

पेटंटच्या बाबतीत उलटं झालं. १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचं पेटंट विद्यापीठाला आपल्याकडे ठेवता येईल असं ठरवलं. म्हणूनच पेजरँकचं पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होतं. ते वापरू देण्याच्या बदल्यात स्टॅनफर्डला गुगलचे शेअर मिळाले, आणि ते विकून विद्यापीठाने सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर कमावले. विद्यापीठाला उत्पन्न मिळतं म्हणूनच प्रयोगशाळेतलं संशोधन बाजारात येतं, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू विचारते, की करदात्याच्या हाती यातलं नेमकं काय आलं? हा वाद आजही मिटलेला नाही.

मग बरोबर कोण होतं? माझ्या मते दोघंही, आपापल्या भागापुरते. एखादा प्रस्ताव शास्त्रीयदृष्ट्या चांगला आहे का, हे त्या विषयातल्या जाणकारांनीच तपासावं, ही बुश यांची गोष्ट टिकली आणि ती टिकायलाच हवी होती. डेटाबेसची रचना कशी असावी यावर आपण युजरचं मतदान घेत नाही. पण ॲप कुणासाठी बनवायचं, पहिल्यांदा कुठल्या शहरात आणायचं, त्याचा फायदा कुणाला व्हावा, हे फक्त डेव्हलपरने ठरवलं तर ते डेव्हलपरसारख्या लोकांसाठीच बनतं. बुश यांनी हे दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले आणि दोन्हींची उत्तरं एकाच प्रकारच्या माणसांकडून घेतली. पोलादी जहाजावर बसवायच्या उपकरणाबद्दल जो धडा त्यांना तरुणपणी मिळाला होता, तो त्यांनी सैन्य आणि शास्त्रज्ञ यांच्यापुरता नीट वापरला. तो अजून चार पावलं पुढे, खाण कामगार आणि छोट्या कारखानदारापर्यंत नेला नाही.

आपल्याला याचं काय?

भारतातही अशी संस्था नुकतीच उभी राहिली आहे. २०२३ मध्ये संसदेने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचा अंदाज मांडला गेला, आणि त्यातला मोठा हिस्सा उद्योगांसारख्या बिगरसरकारी स्रोतांकडून यावा अशी अपेक्षा आहे. तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेजात शिकत असाल, पुढे एमटेक किंवा पीएचडी करायचा विचार असेल, एखादा स्टार्टअप सुरू करणार असाल, तर तुम्ही या पैशाचे स्टेकहोल्डर आहात. शेतातल्या किडीवर किंवा गावातल्या पाण्यावर संशोधन व्हावं असं वाटणारे तुमचे आईवडीलसुद्धा.

कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असं केंद्र सरकारचं २०१४ पासूनचं धोरण आहे. अशा सूचना आता वेबसाइटवर येतात, फोनवरच वाचता येतात. बुश यांची गोष्ट लक्षात ठेवून वाचलंत तर चार गोष्टी तपासता येतील. प्रश्न कुणी लिहिले आहेत, आणि उत्तरही तेच देणार आहेत का? ज्यांना बोलावलंय त्यांच्यापैकी किती जणांना पुढे पैसा मिळणार आहे? जे बोलावलेले नाहीत त्यांचं म्हणणं कुठल्या वाटेने आत येणार? आणि आलेल्या सूचनांचं काय केलं, हे शेवटी जाहीर होणार आहे का?

म्हणून पुढच्या वेळी अशी एखादी पीडीएफ उघडलीत, तर आकड्यांच्या आधी समितीच्या सदस्यांची यादी असलेलं पान वाचा. आणि सूचना पाठवायची मुदत अजून संपली नसेल, तर दोन ओळी का होईना, लिहून पाठवा.